मालीश कधी करावी, कधी हात आवरावा? आईच्या पायावरून

बोरीकाठ (अमळनेर)

मंडळी, राम राम.

हा धागा आधीच काढायचा होता, पण मागचे पंधरा दिवस आईजवळच गेले. आता ती घरी आहे, गोळ्या सुरू आहेत, काल स्वतः उठून ओट्यापर्यंत आली. म्हणून आज निवांत लिहायला बसलो.

आईचं वय ६४. कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरला आणि डाव्या घोट्याच्या वरचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर काढलं तेव्हा पाय दादर ज्वारीच्या वाळल्या ताटासारखा झाला होता. चौथ्या दिवशी मात्र त्याच पायाची पोटरी भरून आली. आम्हाला वाटलं, इतके दिवस बांधलेला पाय, आता रक्त फिरायला लागलं म्हणून सुजला असेल. आईच म्हणाली, "काकांना बोलाव. दोन दिवस चोळून दिला की मोकळा होईल."

काका म्हणजे आमच्या गल्लीतले मालीशवाले. सत्तरी ओलांडली आहे, तरुणपणी तालमीत होते. लचक, उसण, आखडलेली मान, सगळं गाव त्यांच्याकडेच जातं. माझी स्वतःची मान त्यांनी दोनदा मोकळी केली आहे. ते आले. बायकोने शेंगदाण्याच्या तेलात ओवा-लसूण कढवून वाटी हातात दिली. काकांनी वाटी खाली ठेवली. आधी आईचे दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवले, तळहात उलटा करून दोन्ही पोटऱ्यांना लावून पाहिला. मग बायकोकडे शिलाईचा दोरा मागितला. उजव्या पोटरीला दोरा गुंडाळला, जिथे टोक आलं तिथे नखाने धरला आणि तोच दोरा तसाच डाव्या पोटरीला लावला. दोन बोटं कमी पडला.

काका उठले आणि मला म्हणाले, "हाऊ पाय चोयू नका, भाऊ. दवाखानामा ली जा."

आईला राग आला. मीही म्हटलं, काका, हलक्या हाताने तरी करा. त्यांनी वाटीला हात लावला नाही, पैसेही घेतले नाहीत. दवाखान्यात डॉक्टरांनी पाय पाहिल्या पाहिल्या विचारलं, "चोळला तर नाही ना?" शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीत गुडघ्यामागून मांडीपर्यंत रक्ताची गुठळी निघाली. भरती केलं, रक्त पातळ करणारी इंजेक्शनं दिली, आता किमान तीन महिने गोळ्या आहेत.

मालीशच्या विरोधात मला काहीही म्हणायचं नाही. पण त्या दिवशी आईवरचं संकट टळलं ते काकांनी हात न लावल्यामुळे. कुठल्या दुखण्याला चोळावं आणि कुठल्याला नाही, हे आपल्याकडे कुणी नीट सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपा करून लिहा. घरोघरी उपयोगी पडेल.

---

केळीबाग (रावेर)

भाऊ, आईंना आराम पडो. वाचून अंगावर काटा आला.

आमच्याकडे केळीची कापणी सुरू आहे. खांद्यावर चुंबळ ठेवून दिवसभर घड वाहणारी माणसं संध्याकाळी एकमेकांचे खांदे दाबून देतात, त्याशिवाय दुसऱ्या दिवशी हात वर होत नाही. माझी पाठ भरली की मी पालथा पडतो आणि धाकटा पाठीवरून चालतो. हे बंद करायचं का? हे मनापासून विचारतो आहे, कारण आमच्याकडे दुसरा उपाय नाही.

---

फिजिओ_धुळे

बोरीकाठ भाऊ, काकांना माझा नमस्कार सांगा. मी चौदा वर्षं धुळ्यात फिजिओथेरपी करते. काकांनी दोऱ्याने जे केलं तेच आम्ही टेपने करतो. गुडघ्याच्या खाली नडगीच्या हाडाला पुढे एक उंचवटा लागतो. त्याच्या १० सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजायच्या. ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर गुठळीचा संशय धरायचा. दोन बोटं म्हणजे जवळपास तेवढंच झालं.

एकच पाय सुजलाय, पोटरी दुखते, हाताला गरम लागते, आणि मागच्या काही आठवड्यांत प्लास्टर, ऑपरेशन, अंथरुणाला खिळणं किंवा बाळंतपण झालंय, किंवा कॅन्सरचे उपचार, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत, तर त्या पायाला तेल नाही, शेक नाही, दाब नाही. चार तासांपेक्षा जास्त बसून केलेला प्रवासही यात धरा. पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्सने येणारी आपली पोरं, सुरतेहून येणारे कामगार, सगळे आले. पायाच्या खोल शिरेतली गुठळी सुटली तर ती हृदयातून फुप्फुसात जाऊन अडकते. अचानक दम लागतो, छातीत कळ येते, माणूस कोसळतो. असं झालं तर लगेच १०८ लावा. २०१७ मध्ये दिल्लीची एक बातमी आली होती. बॅडमिंटन खेळताना एका तरुणाचा घोटा दुखावला, प्लास्टर निघाल्यावर पाय दुखत होता म्हणून आईने तेल लावून चोळून दिला आणि गुठळी फुप्फुसात गेली. मुलगा गेला. त्या माउलीने मायेनेच हात लावला होता. ती बातमी मी आजही विसरू शकत नाही.

केळीबाग दादा, तुमच्या माणसांचं खांदे दाबणं अजिबात बंद करू नका. ओझं वाहून आखडलेला स्नायू, एकाच जागी बसून धरलेली मान, निंदणीनंतर भरलेली कंबर, ही मालीशची हक्काची दुखणी. तेल कोमट असावं. तळहाताने मानेकडून खांद्याकडे संथ दाब द्या, दहा-पंधरा मिनिटं पुरतात. दाबताना माणसाने "हं, इथेच" म्हणावं. दात आवळायला लागला तर दाब जास्त झाला. दुसऱ्या दिवशी काळेनिळे डाग दिसले की लोक म्हणतात मालीश लागू पडली. तसं नसतं, आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. फारच जोर केला तर स्नायू आतून तुटतात, त्यांतलं द्रव्य मूत्रपिंडात जातं आणि लघवी काळ्या चहासारखी होते. तशी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

पाठीवर पोरगा चालवणं मात्र सोडा. तुम्हाला आजवर काही झालं नसेल. पण हेच बघून घरातली म्हातारी आईही नातवाला पाठीवर उभं करते. पाळी गेलेल्या बायांची, खूप वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्यांची हाडं ठिसूळ असतात, मणका दबून चपटा होतो. मणक्याच्या हाडावर थेट दाब कुणालाच देऊ नका, दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर द्या. आणि कंबरदुखी पायात उतरून पाय लुळा पडत असेल, बसायची जागा बधिर झाली असेल, लघवी-शौच कळत नसेल किंवा अडली असेल, तर ती मालीशची कंबर नव्हे, तासाभरात मोठा दवाखाना गाठा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सोबत बारीक ताप आणि वजन उतरणं असेल तर मणक्याचा क्षयही असू शकतो. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही.

---

आबा_पारोळा

मुलांनो, माझं वय ७८. मी अंग चोळून घेतच मोठा झालो. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात नांगर धरून घरी आलो की रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, तेव्हा बाप मिठाचं पाणी पाजायचा आणि पाय दाबून द्यायचा. दोन घटकांत गोळा उतरायचा. तेव्हा कुठली सोनोग्राफी होती? मालीश वाईट, असं पोरांच्या मनात भरवू नका, एवढंच सांगणं आहे.

---

फिजिओ_धुळे

आबा, तुमच्या वडिलांनी केलं ते आजही तसंच करायला सांगतात. उन्हात घाम गेला, मीठ-पाणी कमी पडलं की गोळे येतात. आधी मीठ-साखरेचं पाणी, मग पायाचा चवडा हळूच आपल्याकडे ओढून पोटरी ताणायची आणि वरून हलका हात फिरवायचा. दोन्ही पायांत आलटून पालटून येणारा, पाच-दहा मिनिटांत सुटणारा गोळा वेगळा आणि दिवसरात्र एकाच पोटरीत ठाण मांडून बसलेलं दुखणं वेगळं. एवढा एक फरक सगळ्यांनी मनात ठेवावा.

---

आबा_पारोळा

बेटा, पटलं. मग एक मीही सांगतो, कारण ते माझ्या मनात बारा वर्षं आहे.

माझ्या पुतण्याचा मुलगा नऊ वर्षांचा असताना निंबावरून पडला. कोपर सुजलं. एक्स-रे काढला, त्यात बारीक चीर निघाली, प्लास्टर घातलं. प्लास्टर निघाल्यावर हात सरळ होत नव्हता. मीच म्हणालो, हाडवैद्याकडे न्या. महिनाभर रोज तो ते कोपर चोळून, ओढून सरळ करायचा. पोरगं किंचाळायचं आणि आम्ही त्याला धरून ठेवायचो. दर आठवड्याला कोपर जास्तच ताठ होत गेलं. आज पोरगा एकवीस वर्षांचा आहे, उजव्या हाताने तोंडात घास घालता येत नाही. हे का झालं, ते आम्हाला कुणी नीट सांगितलं नाही.

---

फिजिओ_धुळे

आबा, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं केलंत.

कोपराभोवतीच्या स्नायूला मार बसलेला असतो. त्याला पुन्हा पुन्हा चोळलं, जबरदस्तीने ओढलं की त्या स्नायूतच हाड तयार व्हायला लागतं. त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. जितकं चोळाल तितकं ते वाढतं. म्हणून लहान मुलाच्या कोपराला मार लागल्यावर चोळायचं नाही, हा अस्थिरोगाच्या शिक्षणातला अगदी पहिल्या धड्यांतला नियम आहे. हात मोकळा करायचा तो मुलाने स्वतः हलवून, दुखेल तिथे थांबून, हळूहळू. दोष तुमचा नाही. तुम्ही त्याचा हात बरा व्हावा म्हणूनच नेलं होतं. मुलाला एकदा धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग विभागात दाखवा. तयार झालेलं हाड पिकल्यावर काही वेळा शस्त्रक्रियेने काढता येतं.

ताज्या लचकेबद्दलही इथेच लिहिते. घोटा मुरगळला तर पहिले दोन-तीन दिवस चोळू नका. आत रक्तस्राव सुरू असतो, चोळल्याने तो वाढतो. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं लावा, क्रेप पट्टी बांधा, पाय उशीवर घ्या. त्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा. फळ्या लावून कुणी घट्ट बांधून दिलं असेल आणि बोटं निळी पडली, गार लागली, बधिर झाली, बोट सरळ केलं की जीव जातो असं झालं, तर पट्टी त्याच क्षणी सोडून दवाखाना गाठायचा. सकाळपर्यंत थांबलं तर हात किंवा पाय कापावा लागू शकतो.

---

गिरणाकाठ (भडगाव)

मध्येच विचारतो, माफ करा. माझे सासरे ५८ वर्षांचे आहेत, शुगर आहे. परवा सुरतेहून बसने आले. कालपासून उजवा पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत सुजला आहे, लाल दिसतो, गरमही लागतो. रात्री थोडी थंडी वाजली. सासूबाई सकाळी तेल गरम करत होत्या, मी हा धागा वाचून थांबवलं. उद्या बाजाराचा दिवस आहे, तेव्हा जळगावला नेलं तर चालेल का?

---

फिजिओ_धुळे

उद्या नाही, आत्ता न्या. चोळू नका, शेकूही नका. शुगर असलेल्यांच्या पायाला चटका लागलेला कळत नाही. बसताना पाय वर ठेवा. दम लागला तर गाडी शोधत बसू नका, १०८ बोलवा. काय निघालं ते इथे नक्की कळवा.

---

बोरीकाठ (अमळनेर)

गिरणाकाठ दादा, निघाला असाल अशी आशा आहे. आम्हीही एक दिवस "उद्या बघू" म्हणत काढला होता.

---

भुसावळ_यार्ड

मी रेल्वेतून निवृत्त. माझ्या थोरल्या भावाला पहाटे लकवा मारला. तोंड वाकडं, डावा हात उचलेना, बोलणं बोबडं. नात्यातल्या लोकांनी लांबच्या एका गावी मालीशवाल्याकडे न्यायला लावलं. तिथे लकव्याचं तेल देतात म्हणे. गाडी करून गेलो, दोन दिवस तिथे राहिलो. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. आमच्या घरापासून सिटीस्कॅनची सोय पाऊण तासावर होती. भाऊ आज अकरा वर्षं खाटेवर आहे. चेहरा वाकडा, हात लुळा, बोली बोबडी, यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघा आणि दवाखान्याकडे पळा. तेल नंतर आहेच.

---

फिजिओ_धुळे

भुसावळचे काका, एक शब्दही वाया नाही यात. नंतरच्या काळात लुळ्या हातापायाला हलकी मालीश चालते, त्वचा चांगली राहते, माणसाला बरं वाटतं. पण हात परत येतो तो व्यायामाने, पुन्हा पुन्हा तेच काम करायला लावून. आणि लुळ्या हाताला धरून कधी ओढू नका, खांदा सांध्यातून खाली उतरतो.

मानेचंही इथेच सांगते. कटिंगनंतर सलूनमध्ये कटकन मान मोडून घेतात, ते करू नका. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या असतात, हिसक्याने त्यांचं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि तरण्या माणसाला लकव्याचा झटका येतो. पार्लरमध्ये केस धुताना मान बराच वेळ मागे टेकवून ठेवल्यानेही असे झटके आलेले आहेत. १९९३ पासून त्याला ब्यूटी पारलर स्ट्रोक सिंड्रोम असं नावच आहे. हल्ली ऑनलाइन मसाज गन मागवतात, ती मानेच्या पुढून आणि बाजूने चालवू नका. डोक्याला तेल, कपाळ, मानेमागचे स्नायू, खांदे, हे हाताने हळू दाबून घ्या. त्याने खरंच आराम पडतो, ताणाने येणारी डोकेदुखीही उतरते.

---

सातपुड्याची_लेक (धडगाव)

मी नर्स आहे. आमच्या डोंगरातलं एक दुखणं इथे कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

नंदुरबार जिल्ह्यात भिल्ल, पावरा घरांत सिकलसेल हा आई-बापाकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार बराच आहे. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं फुटल्यासारखी दुखतात. वर्ष-दीड वर्षाच्या बाळाचे दोन्ही तळहात, दोन्ही पाय एकदम सुजतात. ही बऱ्याचदा पहिली खूण असते. आई-बापाला वाटतं थंडीने आखडलं, ते तेल लावून जोरात चोळतात. बाळ रात्रभर रडतं. मोठ्या पोरांना कंबर, मांड्या, छाती दुखते. थंड पाण्यात भिजणं, पाणी कमी पिणं, ताप, फार दमणं, यांनी ते उठतं.

गेल्या हिवाळ्यात एक बाई चार कोस चालून मुलाला पाठीवर बांधून आली. मुलाच्या मांडीवर बोटांचे ठसे उमटलेले होते, इतकं दाबलं होतं. तिला मी काय बोलणार? सलाइन लागलं, दुखण्याचं औषध गेलं, पांघरुणात ऊब मिळाली, तेव्हा मूल झोपलं. अशा वेळी दाबून अडकलेल्या पेशी सुटत नाहीत. पाणी पाजत, अंग उबदार ठेवून दवाखान्यात आणायचं. सोबत ताप, दम किंवा छातीत दुखणं असेल तर जराही थांबायचं नाही. दुखणं नसतानाच्या दिवसांत हलक्या हाताने तेल लावलं तर हरकत नाही.

१ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते. लग्नाआधी दोघांनीही करून घ्या. बोटातून रक्ताचा एक थेंब द्यायचा, बस.

आणि पावसाळ्याचं सांगते. डेंग्यूच्या तापात अंग फार दुखतं, पण तेव्हा रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट उतरलेल्या असतात, रगडून घेतलं तर आत रक्त उतरतं. तसं कुठल्याही तापात अंग रगडू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनाही जोराची मालीश नको.

---

चाळीसगावची_सून

बाळ-बाळंतिणीचं कुणी विचारलं नाही, मी सांगते.

माझ्या माहेरी मालीशवाली मावशी यायची. हात इतका मऊ की मुलगी अंघोळीआधीच पेंगायची. खोबरेल तेल, पायांपासून वर, पोटावर घड्याळाच्या दिशेने गोल हात. मुलीला तीन-तीन तास गाढ झोप लागायची. या मावशीचं मला ऋण आहे.

पण एक गोष्ट ती जुन्या पद्धतीने करायची. बाळाची छाती थोडी फुगलेली होती, तर "दूध काढते" म्हणून दोन बोटांत दाबायची. आठव्या दिवशी एका बाजूला लाल गाठ आली, पू झाला, अकरा दिवसांच्या मुलीला चीर द्यावी लागली. डॉक्टरांनी सांगितलं, आईच्या शरीरातल्या संप्रेरकांमुळे मुलगा असो की मुलगी, नवजात बाळाची छाती फुगते आणि काही आठवड्यांत आपोआप बसते. त्याला हात लावायचाच नाही. नाकात-कानात तेल सोडायचं नाही, नाकातलं श्वासातून फुप्फुसात जातं. बाळाला पायाला धरून उलटं लटकवायचं नाही. लस दिलेली मांडी चोळायची नाही. पाजल्याबरोबर मालीश करायची नाही. मावशीला मी हे रागाने सांगितलं नाही, शेजारी बसून सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर तिने कुठल्याच बाळाची छाती दाबली नाही.

माझं सिझर होतं. मावशी पोट दाबून "बसवायला" निघाली होती, सासूबाईंनीच अडवलं. टाके भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत पोटाला हात नको. पाठ, खांदे, हात चालतात, पाजून पाजून तेच तर भरून येतात. बाळंतपणानंतर दीड महिना पायात गुठळीची भीती जास्त असते, म्हणून एक पाय सुजला तर वर फिजिओताईंनी सांगितलं तेच. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून आई-बाळाला शेकू नका. त्यातला विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि माणूस झोपेतच जातो.

---

केळीबाग (रावेर)

शेगडीचं माहीत नव्हतं. वहिनीचं बाळंतपण पुढच्या महिन्यात आहे. आजच घरी वाचून दाखवतो.

---

वैद्य_शिरपूर

आयुर्वेदाचा दाखला देऊन "रोज सगळ्यांनी अभ्यंग करावा" असं सरसकट सांगितलं जातं, म्हणून दोन ओळी. अष्टांगहृदय लिहिणाऱ्या वाग्भटांनी अभ्यंगाने वार्धक्य, श्रम आणि वात कमी होतो असं सांगितलं, आणि तिथेच पुढे कफाने ग्रासलेल्याला, नुकतंच शोधन (वमन-विरेचनाने शरीरशुद्धी) झालेल्याला आणि अजीर्ण असलेल्याला अभ्यंग वर्ज्य सांगितला. म्हणजे कुणाला नको हेही शास्त्रातच आहे. माझ्याकडे सूज घेऊन आलेल्या माणसाला मी आधी विचारतो, एक पाय की दोन्ही? दोन्ही पाय सुजले, पापण्याही सुजतात, चालताना धाप लागते, तर हृदय आणि मूत्रपिंड तपासून या म्हणतो. फुगलेल्या निळ्या शिरांवर दाब देत नाही. गजकर्ण, गळू, चिघळलेली जखम असेल तिथे तेलाचा हात लावत नाही, संसर्ग माझ्याच हाताने पसरेल.

---

गिरणाकाठ (भडगाव)

सगळ्यांना हात जोडून नमस्कार. त्याच दिवशी दुपारी जळगावला नेलं. डॉपलर केली, गुठळी नाही. पायाला सेल्युलायटिस निघाला. करंगळीच्या बेचक्यात भेग होती, चिखल्यांसारखी, तिथून जंतू आत गेले आणि कातडीखाली पसरले. शुगर ३८० होती. डॉक्टर म्हणाले, गरम तेलाने चोळलं असतं तर संसर्ग वर चढला असता, शिवाय कातडी भाजली असती. पाच दिवस शिरेतून अँटिबायोटिक दिलं, आज घरी सोडलं. लाली उतरली आहे. सासूबाई आता रोज रात्री बॅटरी घेऊन त्यांच्या बोटांच्या बेचक्या पाहतात.

---

फिजिओ_धुळे

खूप बरं वाटलं. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या पुसायच्या, तेल-मलम लावलं तर बोटांच्या मध्ये लावायचं नाही. सासूबाईंना माझ्याकडून शाबासकी.

---

बोरीकाठ (अमळनेर)

मंडळी, हा सगळा धागा मी काल संध्याकाळी काकांना ओट्यावर बसून वाचून दाखवला. त्यांना वाचता येत नाही. आबांच्या पुतण्याच्या मुलाचं आलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं.

मग मी विचारलं, काका, दोऱ्याने मोजायचं तुम्हाला कुणी शिकवलं? बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, तीस-पस्तीस वर्षांपूर्वी आगगाडीने दोन दिवस बसून तीर्थाहून आलेला एक माणूस त्यांच्याकडे आला होता. एक पोटरी सुजलेली. त्यांनी दोन दिवस चोळली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस अंगणात छाती धरून खाली बसला आणि गेला. लोक म्हणाले, हार्ट होतं. कुणी काकांना बोल लावला नाही. पण त्यांच्या हाताला ती पोटरी आठवत राहिली, दगडासारखी घट्ट आणि गरम. पुढे तालुक्याच्या एका डॉक्टरांची कंबर चोळताना त्यांनी हे विचारलं. त्या डॉक्टरांनी दोन्ही पाय मोजायला सांगितलं. तेव्हापासून दोरा.

त्यांना मी म्हटलं, काका, तुमच्याकडे शिकायला येणाऱ्या दोन पोरांना हे सगळं सांगा. म्हणाले, सांगतो, पण तू लिहिलेलं पुन्हा एकदा वाचून दाखव, त्यांच्या समोर. रविवारी बोलावलं आहे.

आईची गोळी सुरू आहे तोवर काका तिला मालीश करणार नाहीत, फक्त डोक्याला थोडं तेल लावून देतात. काल डोक्याला तेल लावून झाल्यावर त्यांनी पुन्हा बायकोकडे दोरा मागितला, उजव्या पोटरीला गुंडाळला आणि डावीला लावून पाहिला. आता अर्ध्या बोटाचा फरक आहे.